तारेवरचं बोट

"मग माझं शिकायचं राहिलंय तरी काय, ते सांगा बाबा."

केसरीनाथ ताठ उभा होता. मठात येण्यापूर्वी तो वायरमन होता आणि तो आल्यापासून मठातला एकही दिवा बंद राहिला नव्हता. डोंगरापलीकडे नवा मठ उभा राहत होता. तो आपल्या हाती यावा, अशी त्याची फार इच्छा होती. खरं सांगायचं तर त्याच्या तोडीचा दुसरा शिष्य नव्हताच. अडचण एवढीच, की हे त्यालाही ठाऊक होतं.

निवांतबाबांनी चहा संपवला. मग म्हणाले, आधी स्वयंपाकघरातलं सॉकेट बदल, स्वयंपाकाच्या शेवंताबाई प्लग काढायला घाबरतात.

केसरीनाथला हसू आलं. एवढी वर्षं सेवा केली, आणि परीक्षा कसली, तर सॉकेटची.

सॉकेट काळवंडलं होतं, कडेला वितळलं होतं. त्याने स्वयंपाकघराचा मेन स्विच खाली ओढला. ट्यूब विझली, पंखा थांबला. स्क्रू काढून त्याने सॉकेट भिंतीबाहेर घेतलं. मागची तार उघडी दिसू लागली.

बाबा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"बंद आहे?"

"बंद आहे."

"नक्की?"

"डोळे मिटून सांगतो, बाबा. हे माझं रोजचं काम."

टेस्टर त्याच्या खिशातच होता.

बाबांनी मान डोलावली आणि आपलं बोट सरळ उघड्या तारेकडे नेलं.

केसरीनाथने त्यांचं मनगट पकडलं. गुरूचा हात असा धरायची मठात रीत नाही. पण त्याने धरला, आणि घट्ट धरला.

"थांबा. एकदा बघू दे."

"बंद आहे म्हणालास ना?"

"म्हणालो... तरी थांबा."

त्याने टेस्टर टेकवला. आतला दिवा लाल पेटला.

...

मग त्याला आठवलं. गेल्या उत्सवात मोठा ग्राइंडर स्वयंपाकघराच्या लाइनवर चालेना, तेव्हा सभामंडपाच्या मेनवरून या सॉकेटपर्यंत वेगळी तार त्यानेच ओढली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. कौतुकात तार तशीच राहून गेली.

तो सभामंडपात गेला. भजन रंगात आलं होतं. त्याने मेन बंद केला, कोणी चुकून चालू करू नये म्हणून फ्यूज काढून खिशात टाकला. माइक गेला, तसे भजनवाले आणखी चढ्या आवाजात गाऊ लागले.

टेस्टर नीट चालतो ना, हे त्याने बाबांच्या खोलीतल्या चालू प्लगमध्ये आधी पाहिलं. मग एकेका तारेला लावला. दिवा पेटला नाही. तेव्हा कुठे त्याने हात घातला. नव्या सॉकेटमध्ये प्रत्येक तार आपापल्या जागी कसली, ओढून पाहिली, अर्थिंगचीसुद्धा. काम असं देखणं झालं, की मठाने मिरवावं.

फ्यूज परत बसवून त्याने दोन्ही मेन चालू केले. शेवंताबाईंनी प्लग घातला, काढला, पुन्हा घातला.

केसरीनाथ बाबांसमोर आला. मान अजून ताठच होती, आवाज मात्र उतरला होता.

"नवा मठ... दुसऱ्या कुणाला द्या, बाबा."

बाबा मनगट चोळत होते. तिथे त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

"तूच जा," ते म्हणाले. "तिथे जी तार उघडशील, तिच्यावर माझं बोट आहे."