आगीची घंटा

फार मागे कासारआळीच्या नाक्यावर एक पितळी घंटा टांगलेली होती. कुठे आग लागली की ती घणघणायची आणि माणसं बादल्या घेऊन धावायची. पुढे आळीत संग्रहालय झालं. घंटेला घासूनपुसून काचेच्या पेटीत टांगलं. पोरं उगीच वाजवतील म्हणून आतला टोले देणारा लोळा काढून टाकला. घंटेचं काही बिघडलं नाही. ऊन नाही, पाऊस नाही, वर सगळे कौतुकाने बघतात!

एका दुपारी खिडकीतला पारवा ओरडला, "अगं, मागच्या चाळीत आग लागलीय! सगळे झोपलेत. वाज ना!"

घंटा सगळं बळ लावून हलली. आवाज निघाला नाही.

"वाज गं! आत पोरं आहेत!"

"कशाने वाजू?" घंटा रडकुंडीला आली.

काचेवर लाल उजेड नाचत राहिला.

पुढे शेजारच्या पेटीत त्या चाळीतला अर्धवट जळालेला पाळणा आणून ठेवला. गाईड पाहुण्यांना सांगू लागला, "ही आपल्या आळीची आगीची घंटा."

पाहुणे गेल्यावर पाळण्याने हळूच विचारलं, "मग त्या दुपारी तुम्ही कुठे होतात, बाई?"

"इथेच," घंटा म्हणाली.