ढेकळ्याचं घरटं

फार जुनी गोष्ट. तेव्हा सुगरण पक्षी घरट्यात चिखल लावत नसत. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर त्यांची वस्ती होती आणि नुसत्या गवताच्या घरट्यांचा त्यांना भारी तोरा होता.

तिघे मात्र शेंड्याच्या फांदीवर नाना खटपटी करत. एक घरट्यात काजवे डकवी, ते सकाळी मरून पडत. दुसरा काट्यांचं दार करी. तिसरा म्हणजे तुऱ्या नावाच्या एका तरुण सुगरण पक्ष्याचा थोरला भाऊ. तो ओला चिखल आणून घरट्यात आतून थापी. सगळे त्याला ढेकळ्या म्हणत.

“तुऱ्या, बघ तरी. घरटं जड झालं की वाऱ्यात हेलकावणार नाही.”

“दादा, आधी चोच धू. तुझ्यापायी मला हसतात!” म्हणत तुऱ्या भुर्रकन उडून जायचा.

एका दुपारी वादळ सुटलं. घरटी तुटून विहिरीत पडू लागली. ढेकळ्याचं हललं नाही. तो बाहेर येऊन “तुऱ्या, इकडे ये!” अशा हाका मारत राहिला. तुऱ्या आत शिरला, पण दादाला वाऱ्यानं उचललं, तो परत आलाच नाही.

वारा पडल्यावर वस्तीतले म्हातारे गोंडाजी तुऱ्याकडे आले. “काजवे पाहून आम्ही तिघांनाही वेड्यात काढलं. चुकलंच. तुझा भाऊ चिखल कुठे लावायचा रे?”

“रोज सांगायचा, आजोबा. मीच ऐकायला थांबलो नाही.”

घरट्यातल्या चिखलावर दादाच्या चोचीचे ठसे होते. तुऱ्या त्यांना एकेक करून चोच लावू लागला, अगदी सावकाश, ते लवकर संपू नयेत म्हणून.