अंगठ्याएवढा डाग

“पण मांडणी आहे कुठे?” माईंनी विचारलं.

हेरंब पांचाळ खुलला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत असावा.

“तीच तर गंमत आहे, माई. ती स्वतः दिसत नाही. तिच्यावर ठेवलेलं तेवढं दिसतं.”

त्याने बटण दाबलं. वरचे दोन दिवे लागले आणि मग कुठे मला कडा दिसल्या. पुरुषभर उंचीची, पाच फळ्यांची, पाण्यासारखी स्वच्छ ॲक्रिलिकची मांडणी दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती. तिच्या मागे गर्द निळा मखमली पडदा सोडलेला होता. त्या निळ्यावर सगळ्या वस्तू उठून दिसत होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडली.

मी माईंची पिशवी धरून गेलो होतो. तारऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मला तेवढंच काम आहे. माई म्हणजे आमच्या कराडच्या गुरुवारच्या बैठकीच्या माई. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि मग नदीकाठच्या त्यांच्या खोलीत दर गुरुवारी लोक येऊन बसू लागले. त्या अंगारा देत नाहीत, मंत्र देत नाहीत. कुणी विचारलं तर बोलतात, नाहीतर भाजी निवडत बसतात.

त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. बैठक पुढे कुणी चालवायची, हा प्रश्न होता आणि हेरंबचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. बोलणं गोड, पाठांतर दांडगं. ‘आरपार जगणं’ या विषयावर तो तासभर बोलला की बायका पदराने डोळे टिपायच्या. मीही एकदा टिपले होते.

माई एवढंच म्हणाल्या होत्या, की एकदा तुझं घर बघते, मग गुरुवारचं काय ते ठरवू. म्हणून आम्ही आलो होतो. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आत चहाचं आधण ठेवणाऱ्या त्याच्या बायकोला, अनुराधालाही ठाऊक होतं.

हेरंब मांडणीचं कौतुक सांगू लागला. कोल्हापुरात जुन्या सामानाचा एक व्यापारी आहे, त्याच्याकडे तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे ही मिळाली. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची. हल्लीचा माल पातळ, वर्षभरात पोक काढतो. ही बघा कशी ताठ उभी आहे. सांधे बघा, एका सांध्यात बुडबुडा नाही. व्यापारी म्हणाला माल परदेशी आहे, असलं काम इकडच्या हातांना जमायचं नाही. हेरंबला ते मनापासून पटलं होतं.

तिला स्पिरिट लावायचं नाही, केसासारखे तडे जातात. कोरडं फडकंही नाही, धूळ आणखी चिकटते. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, तेही फक्त हेरंबच्या हातचं. घरातल्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

“कुणी केली?” माईंनी विचारलं.

“परदेशात झालेली आहे, माई.”

“कुठे ते नाही विचारलं. कुणी केली?”

“त्याचं नाव आता कसं कळणार... असेल कुणीतरी कारागीर.”

माई पुढे झाल्या. वरच्या फळीवर हेरंबला मिळालेली मानचिन्हं होती. दुसरीवर त्याचा आणि माईंचा फोटो. तिसरीवर एका छोट्या गादीवर एक चष्मा होता, आणि त्याच्यावर खास वेगळा दिवा सोडलेला होता.

“अगं बाई,” माई म्हणाल्या. “माझा चष्मा.”

मला हसू आवरेना. त्या चष्म्यासाठी मी दोन महिने त्यांची खोली पालथी घातली होती. हेरंब ओशाळला. म्हणाला, काडी मोडली होती, तुम्ही टाकूनच द्याल असं वाटलं, म्हणून प्रसाद म्हणून घेऊन आलो. काडी दुरुस्त करून घेतली आहे.

माईंनी हात घालून चष्मा उचलला आणि नाकावर चढवला. हेरंबचा हात नकळत पुढे आला आणि तसाच थांबला. मांडणीला त्याच्याशिवाय कुणीतरी हात लावला होता.

जवळचं बघायचा चष्मा तो. माईंनी वाकून तिसरी फळी बघितली. डाव्या कोपऱ्याशी त्या थांबल्या.

“हे काय आहे?”

“तेवढी एकच खोट आहे,” हेरंब घाईने म्हणाला. “करताना काहीतरी सांडलं असावं. डाग पडलाय आणि त्यात एक तिरकी रेघ आहे. रविवारी माणूस येणार आहे, घासून काढून देईल. मग अगदी निर्दोष होईल.”

माई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फळीतून पलीकडे नजर टाकली. पलीकडे निळा पडदा होता.

“आरपार दिसतं म्हणून घेतलीस ना?”

“हो, माई.”

“मग मागे काय आहे?”

“मागे...” हेरंबने माझ्याकडे बघितलं, का कोण जाणे. “मागे काही नाही, माई.”

आणि पडद्यामागून कुणीतरी कण्हलं.

मी त्या घरी चारदा जेवलो होतो. मागे खिडकी असेल अशी माझी समजूत होती. हेरंबचा चेहरा पांढरा पडला. अनुराधा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

माईंनी हाताने पडदा बाजूला केला.

मागे खाट होती. खाटेवर एक म्हातारा माणूस उशीला टेकवून बसवलेला होता. अंगात स्वच्छ सदरा, दाढी केलेली, पायांवर घडीची चादर. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र जागे होते, आणि ते आमच्यावर नव्हते. ते मांडणीवर होते.

“माझे वडील,” हेरंब म्हणाला. “अण्णा... तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली.”

हेरंबचे वडील केव्हाच वारले असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने तसं कधी म्हटलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि पाठोपाठ स्वतःचीही लाज वाटली.

अण्णांनी डावा हात उचलला. मूठ वळली आणि अंगठा वर केला.

“आवडली आहे त्यांनाही,” हेरंबला जरा धीर आला. “मांडणी आणली त्या दिवसापासून सारखं असंच करतात. छान आहे म्हणतात.”

अण्णांच्या घशातून पुन्हा तो आवाज आला. अंगठा हलला. वर, पुढे, मांडणीकडे.

अनुराधा हळू आवाजात म्हणाली, “ते दिवसभर तसं करतात, माई. झोपेतसुद्धा. यांना वाटलं दिव्याचा त्रास होतोय, म्हणून मग पडदा लावला.”

“किती दिवस झाले?”

“आणून अकरा. पडद्याला आठ. त्याआधी कुणी येणार असलं की यांची खाट आतल्या खोलीत नेत असू.”

माई खाटेच्या कडेवर जाऊन बसल्या. त्यांनी अण्णांना विचारलं, “तुमचं काम काय होतं?”

“व्यवसाय होता त्यांचा,” हेरंबने उत्तर दिलं.

“मी त्यांना विचारलं.”

अण्णांनी डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली आणि हवेत, अगदी सावकाश, एक सरळ रेघ ओढली. बोटांच्या चिमटीत काहीतरी बारीक धरल्यासारखी. शेवटाला येऊन बोटं थांबली आणि अलगद उचलली गेली.

माईंना त्यातलं काही कळलं नसावं. मलाही कळलं नाही. त्यांनी अनुराधाकडे बघितलं.

“पाट्या करायचे,” ती म्हणाली. “डॉक्टरांच्या, वकिलांच्या. आणि दुकानांसाठी शोकेस. ॲक्रिलिकच्याच. सांध्यात इंजेक्शनच्या सुईने चिकटवायचं औषध सोडायचे, एका दमात, मध्ये न थांबता. मी लग्न होऊन आले तेव्हा बघितलंय. हात थरथरायला लागले तेव्हा बंद केलं.”

हेरंब फरशीकडे बघत होता. त्याच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर वडील उद्योजक असल्याचं छापलेलं असायचं. मी ती पत्रिका घरोघर वाटली आहे.

“हेरंबा,” माई म्हणाल्या, “डावा हात पुढे कर.”

त्याने केला. माईंनी चष्मा नीट बसवला आणि त्याचा अंगठा उजेडात वळवला. अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या मागच्या बाजूला, जुन्या जखमेची एक पांढरी तिरकी रेघ होती.

“हे कशाने?”

“लहानपणचं आहे. कशाने तरी कापलं होतं. आठवत नाही.”

“जा. डागावर टेकव.”

तो गेला. तिसऱ्या फळीच्या डाव्या कोपऱ्याशी त्याने अंगठा टेकवला. अंगठ्याखाली खूण पुरती झाकली गेली. हेरंबने माईंकडे बघितलं, त्याला काही समजलेलं दिसत नव्हतं.

मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. फळी नितळ होती, खालून सगळं दिसत होतं. इवल्याशा अंगठ्याचा ठसा, आणि त्यावर टेकलेला मोठा अंगठा. ठशातली रेघ आणि अंगठ्यावरची रेघ एकच झाली होती.

मी नुसताच हेरंबच्या पँटचा पाय ओढला. तो खाली वाकला, वर बघितलं, आणि तसाच राहिला.

मग अनुराधाने ट्रे खाली ठेवला. म्हणाली, “सासूबाई सांगायच्या. तुम्ही चार वर्षांचे होतात. पत्र्याच्या शेडमध्ये काम चालायचं. अण्णांनी कुठल्याशा चष्म्याच्या दुकानासाठी मोठी मांडणी केली होती, त्यांचं सगळ्यात मोठं काम. सांध्याचं औषध फळीवर सांडून फळी तेवढी मऊ झाली होती, आणि तुम्ही तिथे अंगठा दाबलात. सासूबाई तुम्हाला मारायला धावल्या.” ती थांबली. “अण्णांनी मारू दिलं नाही. म्हणाले, असू दे, माझ्या पोराची सही आहे. तिथे आता कुणी पॉलिश करायचं नाही.”

खाटेवरून आवाज आला. अण्णा रडत होते की हसत होते, ओढलेल्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. अंगठा अजून वर होता.

हेरंबने आपला हात फळीवरून काढला नाही. तो म्हणाला, “मी रविवारी... घासून काढणार होतो.”

माईंनी चहाचा कप उचलला. बशीत ओतून अण्णांच्या ओठांना लावला, आणि मग उरलेला स्वतः प्यायल्या. हेरंबने दोन्ही हातांनी पडदा ओढून काढला. कड्या तुटून फरशीवर घरंगळल्या. मग तो खाटेपाशी येऊन खाली बसला आणि अण्णांचा तो अंगठा त्याने मुठीत धरला.

“माई,” तो म्हणाला, “गुरुवार माझ्याकडे देऊ नका. माझी लायकी नाही.”

“नाहीच देणार,” माई म्हणाल्या.

त्यांनी नाकावरचा आपला चष्मा काढून पिशवीत टाकला आणि पिशवी माझ्याकडे दिली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“गुरुवारची बैठक यापुढे अण्णा चालवतील. हेरंबा, तू त्यांना उचलून आणायचं.”

मी चपला घालायचा थांबलो. चाळीस माणसं जमतात गुरुवारी. प्रश्न घेऊन येतात, दुरून येतात. माझ्या मनात आलं, माईंचं वय झालं.

हेरंबनेही मान वर केली. डोळे लाल, आवाज चिरका.

“पण माई... अण्णांना तर बोलता येत नाही.”

“अकरा दिवस बोलतच होते की,” माई म्हणाल्या.