घाण्याचा रविवार

एका गावात चर्चच्या भिंतीला लागूनच एक तेलघाणा होता. त्याचा मालक शमुवेल मोठा नेमाचा माणूस. रविवारी तो शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, असा पाळायचा की बघत राहावं. तराजूला हात नाही, चूल पेटवणं नाही, वहाणासुद्धा शनिवारीच पुसून ठेवलेल्या. पांढरेशुभ्र कपडे घालून तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा.

घाणा मात्र रविवारीही फिरायचा. शमुवेल त्याला हात लावत नसे, एवढंच. ते काम सटवाजी नावाच्या गड्याचं होतं. बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधलेली असत आणि गळ्यात घंटा. घंटा वाजतेय म्हणजे घाणा चालू आहे, हे मालकाला बाकावर बसल्याबसल्या कळे. ती थांबली की त्याचं प्रार्थनेतलं लक्ष उडालंच.

एका रविवारी सटवाजी तापाने फणफणला होता. तो म्हणाला, "मालक, आज हुबं ऱ्हावत न्हाई. तुमचा सुट्टीचा दिस हाय. मलाबी सोडा, बैलालाबी सोडा."

शमुवेल हसला. "अरे, शब्बाथ आम्हा ख्रिस्ती लोकांचा. तू कुठे ख्रिस्ती आहेस? आणि बैल तर मुळीच नाही!" स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन तो चर्चला गेला.

त्या दिवशी पाळक नेमके शब्बाथाच्या आज्ञेवर बोलत होते. देवाने विश्रांती सांगितली ती मालकाला, तशीच चाकराला, गुराढोरांना आणि दारातल्या परक्यालाही. कारण ज्या लोकांना देवाने ही आज्ञा पहिल्यांदा दिली ते स्वतः कधीकाळी गुलाम होते, आणि त्यांना कुणी सुट्टी देत नव्हतं. शमुवेल मान डोलावत होता. कान घंटेकडे होते. घंटा एकसारखी वाजत होती. आज सटवाजीने चांगलं काम केलं, असं त्याला वाटलं.

सटवाजी तर केव्हाच पडला होता. घेरी येऊन तो कोसळला, तसा घाण्याचा फिरता दांडा त्याच्या डोक्यात बसला. त्याने हाक मारली असेल, तर ती घंटेच्या आवाजात कुणाला ऐकूच गेली नाही. झापडांमुळे बैलाला काही दिसलं नाही. तो फिरतच राहिला.

दुपारी शमुवेल घाण्यावर आला. सटवाजीची बायको चांगुणा भाकरी घेऊन आली होती, ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याचं अंग थंड पडलं होतं. बैलाला थांबवायचं तिला सुचलंही नव्हतं.

शमुवेल दारातच थांबला. तो पुटपुटला, "मी तर आज कशालाच हात लावला नाही."

चांगुणा म्हणाली, "तेच की, मालक. माझे धनी पडले तवा हात लावाया कुनीबी न्हवतं."

शमुवेलने बैल सोडला. त्यानंतर रविवारी तो घाणा कधी फिरला नाही. पण चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला डोळे मिटत, तेव्हा शमुवेल मान वर करून भिंतीकडे कान लावून बसे. पलीकडे आता सगळं शांत होतं, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

तात्पर्य: विश्रांतीचा दिवस एकट्याने पाळता येत नाही. हाताखालचा माणूस आणि मुकं जनावर राबत असताना आपण बसून राहिलो, तर तो शब्बाथ नव्हे, नुसता आपला आराम.