मुठीवरचं रबर

“ते सगळं कळलं. पण या मुठीवर काय होतं?”

उस्तादांनी हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा विद्याधर टिळेकर जरा वैतागलेच.

पाऊण तास ते आपल्या कामाची कहाणी सांगत होते. सत्तर वर्षांपूर्वीचा व्हॅक्यूम क्लीनर. मोटारीत उंदरांनी संसार थाटलेला, धुळीची पिशवी कुजलेली, पोलादी पोट गंजून खरबरीत झालेलं. आठ महिने खपून त्यांनी तो उभा केला होता. आता यंत्र बाकावर आरशासारखं लखलखत होतं, आणि म्हातारा मुठीचं विचारत होता.

“काही नव्हतं, उस्ताद. घाण होती.”

“कसली?”

“रबराची पट्टी गुंडाळलेली. सायकलच्या ट्यूबची असावी. वरून सुतळी. काळी, चिकट... हात लावावासा वाटेना.”

“मग?”

“मग काय, कापून फेकून दिली. मूठ घासली, नवा मुलामा दिला. कारखान्यातून निघाली तेव्हा अश्शीच दिसत असणार.”

उस्तादांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले...

बाबालाल मुजावर हे त्यांचं नाव. पाचगणीच्या बाजारामागे पत्र्याच्या दुकानात त्यांनी पंचावन्न वर्षं बंगलेवाल्यांची यंत्रं दुरुस्त केली. पंखे, गिझर, आणि गालिचेवाल्या घरांतले व्हॅक्यूम क्लीनर. बंगले विकले गेले, मालक परदेशी गेले, यंत्रं भंगारात निघाली. त्यांतली अकरा उस्तादांनी फळीवर जपून ठेवली होती. एकेकासाठी शौकीन लोक वाटेल ते द्यायला तयार होते. उस्ताद एकच सांगत. विकायची नाहीत. जो शिकेल, त्याला देईन.

टिळेकर शिकत होते. सहा वर्षं, दर रविवारी, पुण्याहून घाट चढून. जाहिरात कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस हात काळे करून काम करतो, याचं गावाला कौतुक होतं, आणि गावापेक्षा जास्त त्यांना स्वतःला. घरी त्यांनी काचेच्या कपाटांचा खास दिवाणखाना बांधून घेतला होता. चाळीस यंत्रं लागली होती. अकरा खण रिकामे होते.

उस्तादांचे गुडघे गेले होते. दिवाळीनंतर ते कराडला लेकीकडे जाणार, दुकान कायमचं बंद होणार. वर्षभरापूर्वी ते म्हणाले होते, “माझा हात न लागता उभं केलेलं एक यंत्र आणून दाखवा. मग बघू.”

तेच आज बाकावर होतं.

“वायर पाहिलीत?” टिळेकरांनी विषय आपल्याकडे ओढला. “तीच आहे. कापडी विणीची, दोन पिनांची. लोक बेधडक तीन पिनांची नवी वायर जोडतात आणि जुनं यंत्र म्हणून मिरवतात. मी नाही. मोटारीची तांब्याच्या तारेची गुंडाळीसुद्धा मूळची. फक्त साफ केली.”

“म्हणजे जे होतं ते सगळं ठेवलंत.”

“सगळं.”

“मुठीवरचं सोडून.”

“ते कारखान्याचं नव्हतं हो, उस्ताद!”

“बरं.”

हे ‘बरं’ टिळेकरांना आवडलं नाही. सहा वर्षांत त्यांनी ते पुष्कळदा ऐकलं होतं. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

“खरं सांगू? या कामानं मला एक गोष्ट उमगली. हे यंत्र काही ओढत नाही. त्याच्या पोटात नुसती पोकळी असते. आपण रिकामं व्हावं, मग सगळं आपोआप आपल्याकडे येतं...”

“छान आहे. कार्डावर छापा.”

“छापलंय,” टिळेकर बोलून गेले आणि मग ओशाळले.

“बघू.”

कार्ड जाड, पिवळसर कागदाचं होतं. कपाटात यंत्रापुढे ठेवायचं. उस्तादांनी ते डोळ्यांजवळ नेऊन अक्षर अक्षर लावत वाचलं. बॅरिस्टर सरंजामे यांच्या पाचगणी येथील बंगल्यातील यंत्र. बॅरिस्टरसाहेबांनी ते तीस वर्षे वापरले...

“कोणी वापरलं?”

“बॅरिस्टरसाहेबांनी. त्यांच्या नातसुनेनं स्वतः सांगितलं मला.”

उस्ताद हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

“बॅरिस्टरसाहेब पाण्याचा पेला हाताने उचलून घेत नव्हते, टिळेकरसाहेब.”

टिळेकरांनी कार्ड परत घेतलं.

उस्ताद बाकाचा आधार घेत उठले. यंत्र त्यांनी खाली फरशीवर ठेवलं. भाद्रपद चालू होता. पाचगणीचं धुकं दारातून आत येत होतं आणि शहाबादी फरशीला घाम फुटावा तशी ओल सुटली होती. उस्तादांनी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. पिना भिंतीवरच्या भोकांत खोचल्या. बटण दाबलं.

मोटार अशी गोड घुमली की टिळेकरांच्या अंगावर काटा आला. आठ महिन्यांचं सार्थक झालं होतं. त्यांची नजर नकळत फळीवरच्या अकरा यंत्रांकडे गेली.

उस्तादांनी मूठ धरली. कोपरापासून त्यांचा हात झटकल्यासारखा उडाला.

त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली.

बाकापासून दारापर्यंत. दारापासून बाकापर्यंत. वाकून, कोपऱ्याकोपऱ्यातून, सावकाश. मनगटावरची शीर तडतडत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. टिळेकर आधी आवाजच ऐकत राहिले. मग त्यांना ती शीर दिसली.

“उस्ताद... तुमचा हात...”

उस्तादांनी बटण बंद केलं. हात सदऱ्याला पुसला.

“करंट आहे?” टिळेकरांचा आवाज चिरकला. “कसं शक्य आहे? मोटार सुरू झाल्यापासून मी रोज चालवलंय! मला तर कधी काही झालं नाही!”

“साहेबही हेच म्हणाले होते.”

“कोण साहेब?”

“बॅरिस्टरसाहेब. अगदी हेच शब्द.”

उस्ताद स्टुलावर टेकले. श्वास लागला होता.

“हे यंत्र कोंडाबाई चालवायची. बंगल्यात कामाला होती. एकदा मी पंखा बघायला गेलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी मला अडवून म्हणाली, दादा, ते चावतंय हो. मी विचारलं, काय चावतंय? तिने तळवा पुढे केला. म्हणाली, बाईसाहेबांना सांगितलं, तर म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत.”

बाहेर कोणीतरी घोडा घेऊन गेलं.

“मी यंत्र बघितलं. मोटार ओल धरत होती, करंट मुठीपर्यंत उतरत होता. गुंडाळी नवी करायला हवी होती, अर्थिंगची तिसरी तार जोडायला हवी होती. दोन दिवसांचं काम. साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी गालिच्यावर उभं राहून, पायांत सपाता घालून मूठ धरली. म्हणाले, मला तर काही होत नाही, मुजावर. उगाच यंत्र उघडू नकोस, विलायती आहे.”

“ती अनवाणी असायची,” टिळेकर पुटपुटले.

“साहेबांच्या गालिच्यावर ती चपला घालून चालणार होती?”

हे विचारताना म्हाताऱ्याचा आवाज इतका धारदार झाला की टिळेकर अर्धं पाऊल मागे सरले.

“मग... तुम्ही काय केलंत?”

“मागच्या अंगणात गेलो. सायकलची ट्यूब कापली. मुठीला गुंडाळली, वर सुतळी आवळली.” उस्ताद थांबले. “आणि साहेबांनी देवविलेला चहा पिऊन घरी आलो. त्यांना पुन्हा काही बोललो नाही. बंगल्याबंगल्यांत त्यांची ओळख. कामं गेली असती माझी.”

टिळेकरांना त्या चिकट, काळ्या पट्टीचे तुकडे आठवले. कात्रीला लागलेला राप त्यांनी रॉकेलने पुसला होता, नाकाला रुमाल लावून.

“उस्ताद, माझं चुकलं. आठवड्यात दुरुस्त करून आणतो. गुंडाळी नवी करतो. तीन पिनांची वायर जोडतो. कार्डसुद्धा बदलतो, कोंडाबाईचं नाव...”

“बूट काढा.”

“काय?”

“बूट काढा, टिळेकरसाहेब.”

टिळेकरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. बोटभर जाडीच्या रबरी तळव्यांचे बूट. आठ महिने हेच पायांत होते.

“याची काय गरज आहे? मला कळलं ना सगळं.”

उस्ताद उठून बटणाशी जाऊन उभे राहिले.

टिळेकरांच्या मनात आलं, निघून जावं. यंत्र उचलावं, गाडीत घालावं, घाट उतरावा. वय झालंय म्हाताऱ्याचं. आपल्यासारख्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं उभं करतात का कोणी? मग त्यांनी फळीकडे पाहिलं. सहा वर्षांचे रविवार त्या फळीखाली गेले होते.

त्यांनी वाकून नाड्या सोडल्या. मोजेही काढले. फरशी पायांना गार, ओली लागली.

त्यांनी मूठ धरली. उस्तादांनी बटण दाबलं.

कोपरापर्यंत मुंग्यांचं वारूळ फुटलं. हात आपसूक सुटला. दातांवर दात आपटले.

“धरा,” उस्ताद म्हणाले. त्यांचं बोट बटणावरच होतं.

टिळेकरांनी धरली. त्यांच्या स्वतःच्या हाताने चढवलेला नवा मुलामा तळव्याला डसत होता. एक पाऊल. दुसरं. बाकाखालून यंत्र काढताना वाकावं लागलं, तेव्हा ती कळ खांद्यापर्यंत चढली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मोटारीचा आवाज ऐकू येईना. फळीवर काय आहे, तेही दिसेना. दिसत होती फक्त पुढची फरशी... मग त्याच्या पुढची...

दार आलं.

चेहरा घामानं डबडबला होता. पण मान ताठ झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आता आपण खरोखर शिकलो.

“शिकलो, उस्ताद,” ते धापा टाकत म्हणाले. “बंद करायचं?”

उस्तादांनी बटणावरचं बोट हलवलं नाही.

“ही एक खोली झाली. साहेबांच्या बंगल्याला नऊ आहेत.”