फक्कीच्या रेघांचं नगर

पुष्कळ पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा नगरं नदीच्या मर्जीनं वसत आणि तिच्याच मर्जीनं उठत. असंच एक नगर नदीचं पात्र सरकल्यामुळे उठलं. राजानं त्याला वरच्या अंगाचा मोकळा माळ दिला, दगड आणि लाकूड देऊ केलं, आणि निरोप धाडला: नगर कसं असावं ते सगळ्यांनी मिळून ठरवा, पण बांधून एकदाच मिळेल.

त्या लोकांची एक जुनी रीत होती. बांधण्याआधी ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढत. ही भिंत, हे दार, ही गल्ली. मग सगळं नगर एक दिवस त्या रेघांच्या आत राहून बघायचं. तिथंच चूल पेटवायची, विहिरीच्या जागी ठेवलेल्या रांजणांतून पाणी भरायचं, आणि भिंतीच्या रेघेवर पाय द्यायचा नाही. दिवस मावळला की सगळे जमत. बेत मान्य असेल त्यानं खाली बसायचं, नसेल त्यानं उभं राहायचं. उभ्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय सभा मोडायची नाही.

रीत चांगलीच होती. फक्त आजवर कुणी उभं राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

या वेळचा बेत नगरशेठांचा होता. मधोमध भव्य चौक, चौकात एकच मोठी विहीर, तिला कोरीव कठडा. चौकाची शोभा झाकू नये म्हणून घरं चांगली लांब. ऐकायला बेत फार छान वाटला. शेजारच्या कुठल्याच नगरात असा चौक नव्हता.

त्या नगरात एक तरुण आई होती. तिचं मूल नुकतं रांगायला लागलं होतं. जुन्या जागी विहीर आळीतच होती, पाणी शेंदता शेंदता दाराकडे नजर जाई. आता कसं होणार, असं तिनं जावेला विचारलं. जाऊ म्हणाली, तुला तर स्वतःच्या सावलीचीही धास्ती. नवरा म्हणाला, एवढ्या मोठ्या माणसांनी विचार केलाच असेल की. तिलाही ते पटलं. आपलं मनच भित्रं असं तिला नेहमी वाटे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे.

रेघांचा दिवस उजाडला. मुलाला घरात ठेवून ती पाण्याला गेली. आधी गल्ली, मग बाजार, मग चौक, मग रांग. शेजारणीही त्याच रांगेत होत्या. ती परतली तेव्हा मूल चुलीपाशी पोचलेलं होतं. निखाऱ्यानं बोटं भाजली होती आणि रडून रडून आवाज बसला होता. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई कशी बेफिकीर, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

दिवसभर किरकिरलेलं मूल संध्याकाळी तिच्या खांद्यावर झोपलं, आणि नेमके तेव्हाच सगळे बसायला लागले. आपण बसलो की हे उठणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती उभीच राहिली. एवढ्या गर्दीत कुणाचं लक्ष जाणार?

सगळ्यांचं गेलं.

"बोला बाई, काय हरकत आहे तुमची?" नगरशेठांनी विचारलं.

हरकत काही नाही, मूल झोपलंय एवढंच, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. खालून नवरा लुगड्याचा काठ ओढत होता. तेवढ्यात मुलाचा चिंधी बांधलेला हात तिला दिसला.

"विहीर लांब आहे," ती म्हणाली. "तिथवर माझ्या मुलाचं रडणं ऐकू येत नाही. आज त्याचा हात भाजला."

मागून कुणीतरी म्हणालं, आता पोराच्या रडण्यावरून नगर मांडायचं का. थोडा हशा पिकला.

नगरशेठ समजुतीनं म्हणाले, "बाई, पोरं मोठी होतात. चौक कायमचा असतो."

"पोरंही कायमचीच असतात, शेटजी. एक चालायला लागलं की दुसरं रांगतं."

मग एक कुंभारीण उठली. आणि मग शेजारच्या दोघींचा आधार घेत नगरशेठांची म्हातारी आई उठायला लागली.

"आई, तू कशाला उठतेस?"

"अरे, सकाळपासून तांब्याभर पाण्यावर आहे मी. सुनेला एवढ्या लांब दुसरी खेप कोणत्या तोंडानं सांगू? तू हौसेनं बेत केलास, म्हणून गप्प बसले होते."

त्यानंतर इतके लोक उठले की बसलेलेच वेगळे दिसू लागले. आधी का नाही बोललात, असं नगरशेठांनी विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाकीच्यांना बेत आवडलाय, असंच प्रत्येकाला वाटलं होतं.

रेघा पुसल्या, पुन्हा ओढल्या, त्यावरून भांडणं झाली, पुन्हा पुसल्या. राजाचा दगड तोवर उन्हात पडून होता. नगर उशिरानं उभं राहिलं. चौक लहानच झाला, त्याबद्दल काहीजण अजून कुरकुरतात. पण प्रत्येक आळीला साध्या, बिनकोरीव कठड्याची का होईना, आपली विहीर मिळाली, आणि पाणी भरणारीला घरातलं रडणं ऐकू येऊ लागलं. सभेच्या रीतीतही एक भर पडली. बसा म्हणण्याआधी आता ज्याच्या कडेवर मूल किंवा हातात काठी असेल, त्याला पहिल्यांदा विचारतात.

तात्पर्य: सगळे गप्प बसले म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं, असं समजू नये.