पंचेचाळीसची पिन

“आणि नकाशावरचा आकडा?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

“आकडा रेघेवरूनच येतो, चाचा,” केतकी म्हणाली. “रेघ बरोबर, तर आकडा बरोबर. कॉम्प्युटर स्वतः मोजतो, स्वतः लिहितो.”



तासगाव रस्त्याला आमची शेड आहे. तिथं जत्रेतले आकाशपाळणे बनतात. चाचा तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. पाळण्यांचे नकाशे त्यांनी आणि इतर मिस्त्र्यांनी काढलेले, आधी कागदावर, मग जुन्या कॉम्प्युटरवर. केतकी डिप्लोमा करून आलेली, वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकत होती. दोनशेच्या वर नकाशे तिनं एकटीनं जुन्या प्रोग्रॅममधून नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवले. कारण शेडमधलं नवं मशीन नव्याचंच ऐकतं.

मी तिथं कापलेल्या लोखंडाच्या कडा कानशीनं घासते. त्या दिवशी अंगणवाडी बंद, म्हणून राणू बरोबर होती. चार वर्षांची आहे. लोखंडाच्या चुऱ्यात हात घालते, म्हणून मी सारखी वळून बघत होते.

मशीनवर पोलाद लावून तयार होतं. आकाशपाळण्याला बारा डबे, डब्याला दोन पिना. माणसं बसलेला डबा या दोन पिनांवरच लटकतो; पिन बुश नावाच्या लोखंडी कड्यात फिरते. जत्रा तीन दिवसांवर आलेली. सकाळपासून मालकांचे चार फोन झालेले.

“मॅडम, बटण दाबू का आरती ओवाळू मशीनला?” मशीन चालवणारा रंगराव ओरडला.

“दाबा.”

“थांब,” चाचा म्हणाले.

रंगरावचं बोट बटणापाशीच राहिलं.

केतकीचं नाक लाल झालं. “कालपासून थांब, थांबच चाललंय. जुना नकाशा खाली ठेवून वर नवा ठेवला मी. एकेक रेघ ताडून बघितली. एक इकडची तिकडं नाही. नमुन्याच्या दोन पिना कापल्या, बुशमध्ये घालून दाखवल्या. तेलात बोट जावं तशा गेल्या. अजून काय पाहिजे?”

“काही नको.”

“मग?”

चाचांनी भिंतीच्या खिळ्यावरचा जुना कागद काढला. बोटांच्या ग्रीसनं काळा पडलेला. तोच नकाशा, जुन्या प्रोग्रॅममधनं छापलेला.

“पिनेची जाडी वाच.”

“पंचेचाळीस मिलिमीटर.”

“आणि तुझ्या नकाशात?”

“चाळीस… माहीत आहे मला ते. रेघ पहिल्यापासून चाळीसचीच आहे, चाचा. वर कुणीतरी हातानं पंचेचाळीस टाइप करून ठेवलंय. बुशवरही तेच. कुणी आळशी माणूस असणार. नवा प्रोग्रॅम असलं हातानं लिहिलेलं मानत नाही. त्यानं रेघ मोजली, चाळीस लिहिलं. चूक सुधारली त्यानं.”

“चूक…”

“चूकच की.”

“घ्या चाचा,” रंगराव म्हणाला, “तुमचा नकाशा दहावी नापास!”

चाचा हसले नाहीत.

शेडच्या दारात लोखंडी घोडी उभी होती. दोन पुरुष उंचीवर नवा डबा तिला टांगलेला, केतकीनं कापलेल्या त्याच चाळीसच्या पिनांवर. चाचांनी साखळी ओढली. डबा खाली आला. त्यांनी त्याचं दार उघडलं आणि माझ्याकडे हात पुढे केले.

“पोरगी दे.”

माझ्या हातातली कानस पडली.

राणू खूश. ती निघालीसुद्धा. मी मागनं तिचा फ्रॉक मुठीत धरला.

“वर ओढू. दोन झोके देऊ,” चाचा म्हणाले. बोलत माझ्याशी होते, बघत केतकीकडे होते. “भितीय बघ ही. केतकी, सांग हिला, रेघ बरोबर आहे म्हणून.”

केतकीनं तोंड उघडलं…

नुसता मशीनचा पंखा वाजत होता.

“आई, सोड की गं,” राणू म्हणाली.

“सांग,” चाचा म्हणाले.

“आधी… आधी वजन लावून बघू. वाळूची पोती ठेवू आत.”

“पोती गप बसतात. पोरं उड्या मारतात.”

“मग मी बसते!”

“तू बसशील. तेवढा हट्ट आहे तुझ्यात. मी हिची पोरगी मागतोय.”

केतकी माझ्याजवळ आली. माझी मूठ काही सुटेना, तिनं एकेक बोट सोडवलं. राणूला उचललं आणि माझ्या कडेवर दिलं. मग ती मशीनपाशी गेली. रंगरावचा हात बाजूला केला आणि लाल बटण दाबलं.

पंखा थांबला.

चाचांनी डब्याचं दार लावलं. कडी लावताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी पोर दिलीच असती तर, हे त्यांच्याही मनात आलं असेल.

टेबलावर फोन वाजायला लागला. मालकांचाच. वाजून वाजून बंद झाला.

“पंचेचाळीस कुणी लिहिलं?” केतकीनं विचारलं.

“मी.”

“आणि चाळीसची रेघ?”

“तीपण मीच.”

“मग रेघ का नाही बदलली?”

“जत्रेतनं चाळीसची वाकलेली पिन घेऊन आलो होतो. सकाळी डबे रिकामेच फिरवून बघत होतो, म्हणून निभावलं. संध्याकाळी लोक बसणार होते…” चाचांनी कागदावरची घडी अंगठ्यानं सरळ केली. “आकडा लिहिला आणि लेथ चालू केला.”

केतकीनं कॉम्प्युटरपाशी बसून पिनेचा नकाशा उघडला. रेघ पुसली, पंचेचाळीसची ओढली. बुशची ओढली. मग स्क्रीनवर नकाशांची यादी आली. ती खाली खाली सरकवत गेली, यादी काही संपेना.



“चाचा, असं अजून कुठं कुठं लिहून ठेवलंय तुम्ही? तेवढं सांगा. तेवढे मी आत्ता दुरुस्त करते.”

चाचांनी कपाटातनं जुन्या कागदांचा गठ्ठा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“आठवणीत राहिलं असतं, पोरी, तर लिहिलं असतं का?”